‘ध’चा ‘मा’ कोणी केला?

शासन निर्णयातला एखादा शब्द छपाईपर्यंत बदलतो, निविदेतली नेमकी अडचणीची अट गळून पडते, ‘तपासून सादर करावे’ असा शेरा खालच्या टेबलावर पोचताना ‘मंजूर’ होतो. मग विरोधी बाकांवरून ‘ध चा मा’ ऐकू येतो. अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही. अप्पा बळवंत चौकात मिळणाऱ्या वाक्प्रचारांच्या पुस्तकांत त्याचा अर्थ ‘मजकुरात फेरफार करणे’ असा एका ओळीत उरकलेला असतो. तिथून पाच मिनिटे चालत गेले की शनिवारवाडा लागतो, आणि हा वाक्प्रचार त्याच वाड्यातला. सत्तेवर बसलेल्या घराण्याच्या अब्रूचे धिंडवडे निघाले, तेव्हा लोकांनी स्वतःची समजूत कशी घातली, ते या तीन अक्षरांत साठवलेले आहे. माझे म्हणणे असे की ती समजूत फार सोयीची होती आणि बहुधा खोटी होती.

थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला क्षयाने गेले. पेशवाईची वस्त्रे धाकट्या भावाला, नारायणरावाला मिळाली. वय सतरा. चुलते रघुनाथराव, म्हणजे अटकेपार गेलेले राघोबादादा, वाड्यातच नजरकैदेत होते. पुतण्या गादीवर आणि चुलता त्याच वास्तूत पहाऱ्यात, या मांडणीत काय शिजत असेल ते सांगायला कारकून लागत नाही. पहारा होता गारद्यांचा. गारदी म्हणजे पगारी, बंदुकबाज, कवायती पायदळ. त्यांची निष्ठा पगाराशी, आणि पगार थकलेला.

३० ऑगस्ट १७७३, सोमवार, भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. वाड्यात गणपती बसलेले. सकाळी नारायणराव पर्वतीला गेले असता रघूजी आंग्र्यांनी त्यांना सावध केले, असे रियासतकार सरदेसाई सांगतात. परत आल्यावर पेशव्यांनी हरिपंत फडक्यांना बंदोबस्त वाढवायला सांगितले, आणि हरिपंत आधी जेवायला गेले. मराठी राज्याला इतके महाग पडलेले जेवण दुसरे नसावे. दुपारी सुमेरसिंग, खरकसिंग, महंमद इसाफ यांचे गारदी पगाराची ओरड करत आत घुसले. राघोबादादांचा खासगी नोकर तुळाजी पवार त्यांच्यात होताच. नारायणराव चुलत्याच्या खोलीकडे धावले आणि तिथेच मारले गेले. चापाजी टिळेकर हा हुजऱ्या धन्याच्या अंगावर आडवा पडला, तोही मेला. इच्छारामपंत ढेरे मेले. अर्ध्या तासात दहाअकरा माणसे आणि एक गाय. प्रेत ज्या लहान दरवाजातून बाहेर नेले, त्याला पुढे नारायण दरवाजा हे नाव पडले.

त्या दुपारने मराठीला दोन वाक्ये दिली. ‘काका, मला वाचवा’ हे पर्यटकांच्या, भुताच्या गोष्टींच्या आणि राजकीय वार्ताहरांच्या वाट्याला गेले. महाराष्ट्रात पक्ष फुटायचे ते बरेचदा काका-पुतण्यांतच, त्यामुळे त्या मथळ्याला कधी मंदी नाही. दुसरे वाक्य दप्तराच्या वाट्याला गेले. त्याची गोष्ट अशी: राघोबांनी गारद्यांना लिहून दिले होते ‘नारायणरावास धरावे’. त्यांच्या पत्नी आनंदीबाई यांनी ‘ध’ खोडून ‘मा’ केला. गारद्यांनी हुकूम वाचला आणि मारले.

आता चौकशीकडे येऊ, कारण खरी नाट्यमय गोष्ट तिथे आहे. पेशवाई राघोबांकडे गेली होती. म्हणजे आरोपी सरकार, आणि तपास करणारा त्याच सरकारचा न्यायाधीश. रामशास्त्री प्रभुणे माहुलीचे, शुष्क, हिशोबी, भीड न बाळगणारे गृहस्थ. त्यांनी सुमारे सहा आठवडे तपास केला आणि मुख्य गुन्हेगार म्हणून राघोबांकडेच बोट दाखवले. या पापाला देहान्त प्रायश्चित्त आहे असे तोंडावर सांगून ते पुणे सोडून वाईकडे निघून गेले. ही गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते. १९४४ साली ‘प्रभात’ने चित्रपट काढला, गजानन जागीरदारांनी रामशास्त्री उभे केले, आणि तेव्हापासून मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे न्यायाधीश म्हटला की तोच येतो.

शाळेत न वाचलेली गोष्ट वेगळी आहे. सरदेसाईंनी दिलेल्या हिशोबात कटात सामील ठरलेली माणसे एकोणपन्नास. त्यांत गारदी तेरा. मराठे सात, प्रभू तीन, आणि ब्राह्मण सव्वीस. ही आकडेवारी नीट वाचावी. तलवार चालवणारे चौथ्या हिश्श्याला. बाकीचे निरोप नेणारे, पहारे फिरवणारे, पैसे मोजणारे, माहीत असून गप्प बसणारे. हे एका बाईने टाक उचलून केलेले काम नव्हते. राज्यकारभाराचा एक मोठा तुकडा या कटात उतरला होता.

मग अक्षराचे काय? त्या काळचे सरकारी कागद मोडीत लिहिले जात, आणि पेशव्यांच्या दप्तराला फेरफाराची धास्ती चांगलीच ठाऊक होती. पत्राच्या शेवटी ‘लेखनसीमा’ची वेगळी मोर्तब उठवत, ती यासाठीच की मजकूर संपला त्या जागेपुढे कोणी ओळ वाढवू नये. सनदेच्या पाठीवर ‘रुजू’चे शेरे असत, तिची नोंद दप्तरात जाई. फडणिसी ही या सगळ्यावर पहारा ठेवणारी यंत्रणा, आणि तिचा प्रमुख नाना फडणीस. पण लेखनसीमा राखते ती पत्राचे शेपूट. ओळीच्या मधल्या अक्षराला तिचा उपयोग नाही. तेव्हा फेरफार अशक्य होता असे मी म्हणत नाही. माझी शंका त्याच्या आधीची आहे. असा हुकूम दप्तरातून जात नसतो. ती चिठ्ठी असणार, हातोहात गेलेली. ती उत्तरेकडच्या पगारी शिपायांना मोडीतून कोणीतरी वाचून दाखवली असणार. मग सगळा कट ठरवणारी, पैशांची बोली केलेली, वाड्याच्या वाटा पाहून ठेवलेली माणसे ऐन वेळी एका अक्षरावर विसंबून राहिली?

आणि दुसरी गोष्ट. राघोबांना खरोखर फक्त धरायचेच होते, तर त्यांच्या हुकमाचा भंग करून पेशव्याला मारणाऱ्यांचे त्यांनी काय केले असते? प्रत्यक्षात गारदी त्यांच्याच चाकरीत राहिले. शिक्षा झाली ती कारभारी मंडळींच्या हाती सत्ता आल्यावर, जे जे सापडले त्यांना.

तो फेरफार केलेला कागद इतिहासकारांच्या हाती आलेला नाही. सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते ३४ या वर्षांत पेशवे दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले गेले. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेहून लेखसंग्रहाचे खंडामागून खंड काढले. चिठ्ठी कुठेच नाही. अक्षर बदलल्याची हकीकत ठळकपणे छापली गेली ती ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात, १८२६ साली लंडनमध्ये. म्हणजे खुनानंतर त्रेपन्न वर्षांनी. रामशास्त्र्यांनी मूळ कागद मिळवला, त्यात ‘धरावे’चे ‘मारावे’ केलेले होते, आणि ते आनंदीबाईने केले असा सर्वांचा समज आहे, असे डफ लिहितो. समज आहे, इतकेच. पण कॅप्टन डेव्हिड केपन यांनी १८३०च्या सुमारास डफचे मराठी केले, ‘मराठ्यांची बखर’ म्हणून ते पुस्तक शाळांत गेले, आणि पुस्तकात छापलेला समज पोरांच्या तोंडी वस्तुस्थिती म्हणून बसला. पुढे नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी डफवर टीका केली, राजवाड्यांनी त्याच्या चुका मोजल्या. वाक्प्रचार जागचा हलला नाही. खाडिलकरांनी १९०९ साली, सुरतेला काँग्रेस फुटल्यानंतर दोनच वर्षांनी, याच खुनावरचे ‘भाऊबंदकी’ रंगभूमीवर आणले. घरातली फूट राज्य कसे घालवते हे पाहायला प्रेक्षकांना पेशवाईत जावे लागत नव्हते.

ही गोष्ट कोणाच्या सोयीची होती? पहिले राघोबा. ‘धरावे’ मान्य केले की खुनी चुलत्याचा फसलेला चुलता होतो. दुसरे इंग्रज. मुंबईकरांनी मार्च १७७५ मध्ये सुरतेला याच राघोबांशी तह केला आणि त्यांना पुण्याच्या गादीवर बसवण्यासाठी युद्ध ओढवून घेतले; वडगावला जानेवारी १७७९ मध्ये नाक कापून घेतले, आणि १७८२ साली सालबाईला राघोबांना पेन्शनीत काढून मोकळे झाले. आपण ज्याच्यासाठी लढलो तो पुतण्याचा मारेकरी होता, यापेक्षा त्याची बायको कजाग होती, हे लिहायला हलके. तिसरे, आणि मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे, पुण्याचे लोक. पेशव्यांच्या भट घराण्यावर त्यांचा सारा कारभार उभा होता. वतने, इनामे, रमणे, कर्जरोखे, सगळ्यांवर त्याच घराचा शिक्का. ते घर खुनी निघाले असे मानले तर आपल्या हातातल्या सनदेचे काय करायचे? त्यापेक्षा घर चांगले, बाहेरून आलेली बाई वाईट. आनंदीबाई गुहागरकडच्या ओकांची मुलगी, लिहिता-वाचता येणारी, नवऱ्याच्या राजकारणात भाग घेणारी. अक्षर बदलायला अक्षर यावे लागते. तेवढ्या गुणावर तिचा गुन्हा शाबीत झाला.

डफ साताऱ्याला माहिती गोळा करत होता ती १८१८ ते १८२२ या काळात. आनंदीबाईचा मुलगा, दुसरा बाजीराव, तेव्हा नुकताच राज्य गमावून ब्रह्मावर्ताला गेलेला. शनिवारवाड्यावर १७ नोव्हेंबर १८१७ला बाळाजीपंत नातूंनी इंग्रजांचे निशाण चढवले होते. अशा वेळी बाजीरावाच्या आईविषयी वाईट बोलायला कोणाला भीती उरली होती?

विश्वास प्रत्यक्षात कसा उडाला याची कथा मात्र वाक्प्रचारात नाही, म्हणून तीही सांगितली पाहिजे. पुण्यात बंड झाले नाही. राघोबा निजामावर स्वारीला निघाले, आणि त्यांच्या छावणीतून कारभारी एकेक करून दुखण्याचे, घरच्या कामाचे निमित्त काढून परतू लागले. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे. हेच ते बारभाई. नारायणरावांची विधवा गंगाबाई गरोदर होती. जानेवारी १७७४ मध्ये तिला पुरंदरावर नेले आणि तिच्या नावाने हुकूम सुटू लागले. १८ एप्रिलला मुलगा झाला, चाळीस दिवसांच्या त्या बाळाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. आपल्याकडे आज सरकारे पाडतात ती आमदार हलवून. बारभाईंनी कारकून हलवले. सही करणारा होता, पण तिची अंमलबजावणी करणारे हात गेले. राघोबांच्या बाजूनेही प्रतिटोला होताच: मूल गंगाबाईचे नाही, बदललेले आहे. तोही एका अर्थी ‘ध चा मा’चाच आरोप, पण त्याचा वाक्प्रचार झाला नाही, कारण नानांचे राज्य पुढे वीस वर्षे टिकले.

बारभाई धुतल्या तांदळाचे नव्हते. साडेतीन शहाण्यांतले पुरे एक शहाणे सखारामबापू. त्यांचे राघोबांशी आतून संधान आहे असा संशय येऊन १७७९ साली नानांनी त्यांना कैद केले, आणि ते कैदेतच गेले. एका खुनाच्या चौकशीतून उभे राहिलेले सरकार लवकरच स्वतःच्या माणसांवर पाळत ठेवू लागले.

विसाव्या शतकात महाराष्ट्राने ‘ध चा मा’ शब्दशः पाहिला तो १९८६ साली. मुख्यमंत्री शिवाजीराव पाटील निलंगेकर यांची मुलगी एम.डी.च्या परीक्षेला बसली होती, मुंबई विद्यापीठाच्या गुणांच्या तक्त्यात फेरफार झाल्याचा आरोप उच्च न्यायालयात गेला, एकल न्यायाधीशांनी मुख्यमंत्र्यांवर ताशेरे ओढले आणि मार्चमध्ये निलंगेकरांना पद सोडावे लागले. जेमतेम नऊ महिन्यांची कारकीर्द. चार वर्षे आधी अंतुले गेले होते ते सिमेंट आणि देणग्यांच्या प्रकरणात, कोट्यवधींच्या हिशोबावर. निलंगेकर गेले ते काही गुणांवर. अपिलांत थेट पुराव्याच्या प्रश्नावर निकालाची धार बदलली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेले, पण गेलेली खुर्ची परत आली नाही. शनिवारवाड्याच्या कथेशी ताडून पाहिले तर इथे एक मोठा फरक आहे. हुकूम कोणी दिला याचा सरळ पुरावा दोन्हीकडे नव्हता. खाडाखोड केलेला कागद मात्र या वेळी न्यायालयाच्या टेबलावर होता.