पडद्यामागचे काळे अस्तर

कोटाला अस्तर लावतात ते कापड टिकावे आणि ऊब यावी म्हणून. पण घराच्या पडद्याला नीट अस्तर लावले नाही म्हणून माणसाला कोर्टात दंड भरावा लागला, असेही एके काळी घडले आहे. ही हकीकत ब्रिटनमधली, दुसऱ्या महायुद्धातली.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर चढाई केली. त्याच रात्रीपासून ब्रिटनमध्ये 'ब्लॅकआउट' सुरू झाला. युद्ध पुकारायला अजून दोन दिवस होते! हुकूम असा, की अंधार पडल्यावर घरातला एक किरणही बाहेर दिसता कामा नये. कारण उघड आहे. रात्री विमानातून येणाऱ्या शत्रूला गावाचा पत्ता कोण सांगणार? गावातले दिवेच.

मग दिवाणखान्यातले फुलाफुलांचे पडदे फेकून द्यायचे की काय? नवे घेणे सगळ्यांना कुठले परवडायला! तेव्हा कित्येक गृहिणींनी जुन्याच पडद्यांना खिडकीच्या बाजूने काळ्या, दाट कापडाचे अस्तर शिवले. आत बसणाऱ्याला पूर्वीचीच फुले दिसत. बाहेरून मात्र सारे काळे. कापड नसेल तिथे जाड कागद लावीत. एक गोष्ट ध्यानात घ्या. कापड कितीही दाट असले तरी उजेड कडेने निसटतो. म्हणून पडदा खिडकीहून रुंद हवा, दोन्ही पाखे एकमेकांवर चढायला हवेत आणि वरची फटही बुजायला हवी.

रात्री वॉर्डन गल्लीतून फिरत आणि फट दिसली की दार ठोठावीत. लोकांना त्यांचा राग येई, पण एका घरची फट साऱ्या आळीच्या जिवावर बेतू शकत होती.

या काळोखाची किंमतही मोठी होती, बरे का! रस्त्यावरचे दिवे बंद, मोटारींचे दिवे झाकलेले. फुटपाथच्या कडांना आणि झाडांना पांढरे पट्टे ओढले, तरी अपघात वाढले. १९४१ साली ब्रिटनच्या रस्त्यांवर ९,१६९ माणसे दगावली. पेट्रोलचे रेशनिंग होते, मोटारी थोड्या होत्या, तरीही! बाँबपासून वाचवणारा अंधार असा दुसऱ्या बाजूने माणसे नेत होता.

पुढे हल्ल्यांचा जोर ओसरला. सप्टेंबर १९४४ पासून बहुतेक ठिकाणी साधे पडदे चालू लागले आणि एप्रिल १९४५ मध्ये ब्लॅकआउट जवळजवळ सगळीकडे उठला.

आपल्याकडेही १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत मुंबईने ब्लॅकआउट पाहिला. खिडक्यांच्या काचांना काळे कागद लागले होते. शिक्षकांनी मुलांना सांगावे, की त्या दिवसांच्या आठवणी आजीआजोबांना विचारून वहीत उतरवा. लढाईचा इतिहास सेनापतींच्या नावांनी भरलेला असतो. पण सुईदोरा घेऊन खिडकीपाशी बसलेली बाईही त्या इतिहासातच आहे. तिचे नाव आपण लिहिले नाही, तर दुसरे कोण लिहिणार?