बिल्बाओ : खाडीकाठाचा पुनर्विकास

उत्तर स्पेनमधील बास्क प्रदेशातल्या बिल्बाओ या पोलाद व जहाजबांधणीच्या शहराने १९८० च्या दशकातील औद्योगिक पडझडीनंतर राबवलेला नगरविकास कार्यक्रम. नेर्विओन नदीच्या खाडीकाठी गोद्या, मालधक्के, रेल्वेयार्डे आणि भट्ट्या यांनी व्यापलेली जमीन मोकळी करणे, तिथे नवी गुंतवणूक आणणे आणि बुडालेल्या रोजगाराला पर्याय उभा करणे, हे त्याचे हेतू होते. जगात हा कार्यक्रम १९९७ साली उघडलेल्या गुगेनहाइम संग्रहालयाच्या नावाने ओळखला जातो. प्रत्यक्षात संग्रहालय हा त्यातला एक घटक होता आणि खर्चाच्या दृष्टीने सर्वांत मोठा तर मुळीच नव्हता. मैलापाण्याची व्यवस्था, बंदराचे स्थलांतर, रेल्वेमार्गांची फेरआखणी आणि सरकारी जमिनींचा एकत्रित कारभार ही कामे आधी सुरू झाली होती. बिल्बाओचा अभ्यास करायचा तो या कामांपासूनच.

पार्श्वभूमी : शहर समुद्रापासून सु. १५ किमी. आत, भरती-ओहोटीच्या खाडीवर वसले आहे. जवळच्या सोमोरोस्त्रो भागातील लोहखनिजात फॉस्फरसचे प्रमाण कमी होते. बेसेमर पद्धतीने पोलाद करायला नेमके असेच खनिज लागे, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात ब्रिटनकडे खनिजाची प्रचंड निर्यात सुरू झाली. परतीच्या जहाजांतून वेल्सचा कोळसा येई. एव्हारिस्तो दे चुरुका या अभियंत्याने खाडीचे मुख वाळूच्या दांड्यापासून मोकळे केले आणि मोठी जहाजे आत येऊ लागली. १९०० मध्ये एउस्काल्दुना ही जहाजबांधणी गोदी निघाली. १९०२ मध्ये तीन कंपन्या एकत्र येऊन ‘आल्तोस ओर्नोस दे विस्काया’ हा पोलाद कारखाना उभा राहिला. डाव्या काठावर बाराकाल्दो, सेस्ताओ, पोर्तुगालेते या कामगार वस्त्या वाढल्या, उजव्या काठावर गेचो येथे मालकांचे बंगले झाले. दोन्ही काठांना जोडणारा, झुलत्या पाळण्यातून माणसे व वाहने नेणारा १८९३ चा विस्काया पूल अजून चालू आहे. २००६ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. डाव्या आणि उजव्या काठांमधले हे अंतर पुढच्या सगळ्या कहाणीत टिकून राहते.

१९७० च्या दशकातील तेलसंकटानंतर जगभर पोलाद आणि जहाजे यांची मागणी घसरली. हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत संरक्षण मिळालेले स्पॅनिश कारखाने जुन्या यंत्रांवर चालत होते. १९८६ मधील युरोपीय समुदायातील प्रवेशाची तयारी म्हणून माद्रिदच्या समाजवादी सरकारने ‘औद्योगिक पुनर्रचना’ हाती घेतली. तिचा अर्थ कामगारांच्या दृष्टीने कपात असाच होता. १९८४ च्या अखेरच्या महिन्यांत एउस्काल्दुनाच्या कामगारांनी गोदी बंद करण्याविरुद्ध आठवडेच्या आठवडे रस्त्यावर लढा दिला, पोलिसांशी चकमकी झाल्या. तरीही १९८८ मध्ये गोदी बंद झाली. पोलाद कारखान्याच्या भट्ट्या १९९६ मध्ये विझल्या. १९८० च्या दशकाच्या मध्याला महानगरातील बेकारी सु. २५ टक्क्यांवर गेली होती. त्यातच २६ ऑगस्ट १९८३ रोजी अतिवृष्टीने नदीला महापूर आला आणि जुने शहर पाण्यात बुडाले. शिवाय एटा या सशस्त्र संघटनेच्या हिंसेमुळे बाहेरचे भांडवल बास्क प्रदेशात यायला धजत नव्हते.

सांडपाणी : शतकभर कारखान्यांचा आणि वस्त्यांचा सगळा मैला थेट खाडीत जात होता. पाण्यात प्राणवायू जवळजवळ उरला नव्हता, काही पट्ट्यांत जीवसृष्टीच नव्हती. घरे खाडीकडे पाठ करून बांधली जात, हा त्या दुर्गंधीचा साधा परिणाम होता. महानगरातील नगरपालिकांच्या संयुक्त पाणी-मंडळाने १९७९ मध्ये, म्हणजे संग्रहालयाची कल्पनाही कोणाच्या मनात नसताना, संपूर्ण खोऱ्याच्या मैलापाण्याची योजना मंजूर केली. दोन्ही काठांनी मुख्य वाहिन्या टाकून मैला गालिंदो येथील शुद्धीकरण केंद्राकडे वळवण्यात आला. हे केंद्र १९९० मध्ये सुरू झाले, जैविक प्रक्रियेचा टप्पा नंतर आला. या कामाला दोन दशकांहून अधिक काळ लागला आणि त्याचा खर्च संग्रहालयाच्या इमारतीच्या कित्येक पट झाला. त्यासाठी पाणीपट्टीतून नागरिकांनी वर्षानुवर्षे पैसे भरले. उद्घाटनाच्या फिती कापायला यात फारशी संधी नव्हती, आणि म्हणूनच इतर शहरांनी बिल्बाओचे अनुकरण करताना हा भाग सहसा वगळला. वास्तविक खाडीत मासे परत आले नसते, तर काठावरच्या जमिनीला किंमत आलीच नसती.

जमीन आणि पैसा : बंदराचा विस्तार खाडीच्या मुखाशी, सांतुर्त्सी व झिएर्बेना येथील खुल्या समुद्रात भराव घालून करण्यात आला. १९९० च्या दशकात हे काम झाले आणि शहरातले मालधक्के रिकामे पडू लागले. दक्षिणेकडून रेल्वेचा वळणमार्ग काढल्याने नदीकाठचे रूळ उचलता आले. आता प्रश्न मालकीचा होता. ही जमीन बंदर प्राधिकरण, रेल्वे आणि सरकारी उद्योग यांच्यात वाटलेली होती. प्रत्येकाचा मालक माद्रिदमध्ये होता, तर विकास आराखडा ठरवण्याचा अधिकार बिल्बाओच्या नगरपालिकेकडे होता. दोघांपैकी कोणीही एकटा काही करू शकत नव्हता.

यावर नोव्हेंबर १९९२ मध्ये ‘बिल्बाओ रिआ २०००’ या सार्वजनिक कंपनीचा तोडगा निघाला. तिचे निम्मे भाग केंद्रीय सरकारच्या संस्थांकडे होते. उरलेले निम्मे बास्क सरकार, विस्काया जिल्हा परिषद आणि बिल्बाओ व बाराकाल्दो नगरपालिका यांच्याकडे होते. अध्यक्षपद महापौरांकडे असे आणि निर्णय सर्वसंमतीने घेतले जात. परस्परांशी राजकीय वैर असलेल्या पक्षांची सरकारे एका टेबलावर बसत होती, ही त्या काळच्या बास्क राजकारणात असाधारण गोष्ट होती. कंपनीचे मूळ भांडवल तुटपुंजे होते. भागधारक संस्थांनी मध्यवर्ती जमिनी तिच्या हवाली केल्या आणि नगरपालिकेने जमिनीचा वापर बदलून दिला. कंपनीने जमीन साफ करून रस्ते व उद्याने केली आणि भूखंड खासगी विकसकांना विकले. झालेला नफा भागधारकांना वाटण्याऐवजी रेल्वेची कामे, नव्या स्थानकांची बांधणी आणि डाव्या काठावरील बाराकाल्दोतील कामे यांसाठी वापरला जाई. युरोपीय संघाच्या निधीचीही जोड मिळाली. आमेत्झोला येथे रूळ झाकून त्यांवर उद्यान व घरे झाली, ती याच पद्धतीने.

आणखी एक कारण बाहेरच्या अभ्यासकांच्या नजरेतून हमखास सुटते. बास्क प्रदेशाला १९८१ पासून पुन्हा स्वतंत्र करव्यवस्था मिळाली आहे. तेथील जिल्हा परिषदा स्वतः कर गोळा करतात आणि माद्रिदला ठरावीक हिस्सा देतात. म्हणजे शहरात उलाढाल वाढली की वाढीव महसूल स्थानिक तिजोरीत येतो. संग्रहालयावर सार्वजनिक पैसा खर्च करण्याचे धाडस यामुळेच परवडले. ज्या शहराचा वाढीव कर राजधानीत जातो त्याला हेच गणित लागू पडत नाही.

संग्रहालय : अबांदोइबारा हा सु. ३५ हेक्टरांचा पट्टा एउस्काल्दुना गोदी, कंटेनर स्थानक आणि रेल्वेयार्ड यांनी बनला होता. त्याचा आराखडा सेसार पेली यांनी केला. पट्ट्याच्या पूर्व टोकाला, ला साल्वे पुलाखाली, फ्रँक गेरी यांनी टायटॅनियमच्या पत्र्यांनी मढवलेली वास्तू उभारली. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम प्रतिष्ठानाशी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला करार झाला. त्यानुसार बांधकामाचा खर्च, कलाकृतींच्या खरेदीसाठी ५ कोटी डॉलर आणि प्रतिष्ठानाला २ कोटी डॉलरचे शुल्क, हे सर्व बास्क संस्थांनी द्यायचे होते. इमारत सु. ८.९ कोटी डॉलरमध्ये, ठरलेल्या अंदाजाच्या आत पूर्ण झाली. कामगार संघटना, विरोधी पक्ष आणि शिल्पकार होर्हे ओतेइझा यांच्यासारखे बास्क कलावंत यांचा कडवा विरोध होता. कारखाने बंद पडत असताना परदेशी संस्थेला एवढी रक्कम देणे त्यांना अपमानास्पद वाटत होते, आणि त्या भावनेत खोटे काही नव्हते. उद्घाटनाच्या काही दिवस आधी, १३ ऑक्टोबर १९९७ रोजी, एटाचा घातपाताचा प्रयत्न उधळून लावताना एका बास्क पोलिसाचा बळी गेला. १८ ऑक्टोबरला संग्रहालय उघडले. पहिल्या वर्षी अपेक्षेच्या दुपटीहून अधिक, सु. १३ लाख लोक आले. पुढे वर्षाला सु. १० लाखांचा ओघ टिकून राहिला.

त्याच पट्ट्यात गोदीच्या जागी एउस्काल्दुना सभागृह (१९९९), सागरी संग्रहालय आणि १६५ मी. उंचीचा इबेर्द्रोला मनोरा (२०११) झाला. गोदीतील ‘कारोला’ नावाची लाल क्रेन जपून ठेवली आहे. नॉर्मन फॉस्टर यांच्या स्थानकांची भुयारी रेल्वे १९९५ मध्ये सुरू झाली. तिची पहिली मार्गिका उजव्या काठाने धावली, कारण तिथे जुना उपनगरी मार्ग तयार होता. डाव्या काठाला, जिथे बेकारी जास्त होती, गाडी मिळायला २००२ साल उजाडले. १९९९ ते २०१४ या काळात महापौर असलेले इन्याकी आस्कुना यांनी ही कामे पुढे नेली. २०१० मध्ये शहराला सिंगापूरचा ली क्वान यू जागतिक नगर पुरस्कार मिळाला.

रोजगार : मूल्यमापनाचा कठीण भाग हाच आहे. बास्क विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ बेआत्रिस प्लासा यांच्या अभ्यासानुसार संग्रहालयातील सार्वजनिक गुंतवणूक सु. दहा वर्षांच्या आत वसूल झाली आणि पर्यटनात सु. ९०० कायम रोजगार वाढले. यश खरे आहे, पण पोलाद आणि जहाजबांधणी यांवर एकेकाळी हजारो कुटुंबे जगत होती, हे विसरता येत नाही. मोठ्या प्रमाणावर मुदतपूर्व निवृत्ती देऊन सरकारने बेकारीची धग कमी केली. पन्नाशीतले वितळकाम करणारे कारागीर हॉटेलात रुजू झाले नाहीत, ते घरी बसले आणि नव्या नोकऱ्या त्यांच्या मुलांच्या पिढीला मिळाल्या. नव्या नोकऱ्यांची प्रतही सारखी नव्हती. संग्रहालयाच्या कंत्राटी सफाई कामगारांनी, ज्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, २०२१-२२ मध्ये सु. नऊ महिने संप केला तेव्हा त्यांना २० टक्के वेतनवाढ मिळाली.

बास्क अर्थव्यवस्था खऱ्या अर्थाने सावरली ती खाडीकाठाबाहेर, यंत्रसामग्री, वाहनांचे सुटे भाग, ऊर्जा-अभियांत्रिकी या उद्योगांत. स्पेनमधील पहिले तंत्रज्ञान उद्यान १९८५ मध्ये बिल्बाओजवळ सामुदिओ येथे निघाले होते. धातुकामाची पिढीजात हातोटी आणि तंत्रशिक्षण संस्था टिकवल्या म्हणून हे घडले. संग्रहालयाने शहराचे नाव बदलले, पण अन्न अजून बरेचसे यंत्रशाळांतूनच येते. डाव्या काठावर पोलाद कारखान्याच्या जागी भंगार वितळवणारी लहान विद्युत भट्टी आली, जिला मूळच्या मनुष्यबळाचा अंशच लागतो. सेस्ताओतील ‘ला नावाल’ ही अखेरची मोठी जहाजगोदी २०१८ मध्ये दिवाळखोरीत बंद पडली. बाराकाल्दोत लिंडेन या कीटकनाशकाच्या कारखान्याचा कचरा मातीत मुरला होता. तो उपसून बंदिस्त साठवणीत ठेवावा लागला, आणि घरे त्यानंतरच बांधता आली.

मर्यादा : जमीन विकून पैसा उभा करण्याच्या पद्धतीत भाव सतत चढते राहणे गृहीत होते. त्यामुळे अबांदोइबारात महागडी घरे, कार्यालये आणि मॉल आले, पण एउस्काल्दुनाच्या माजी कामगाराला परवडेल असे घर तिथे क्वचितच होते. २००८ नंतर स्पेनमधील बांधकाम व्यवसाय कोसळला, भूखंडांना गिऱ्हाईक राहिले नाही आणि ‘बिल्बाओ रिआ २०००’ कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली आली. इतर स्पॅनिश शहरांनी फक्त दर्शनी भाग उचलला. सांतियागो दे कोम्पोस्तेला येथील पीटर आयझेनमन यांच्या ‘संस्कृतिनगरी’चे काम खर्च आवाक्याबाहेर गेल्याने २०१३ मध्ये अर्धवट थांबवावे लागले. आव्हिलेस या पोलादनगरीतील ऑस्कर निमायर यांचे केंद्र २०११ मध्ये उघडले आणि त्याच वर्षाअखेरीस काही काळ बंद झाले.

पुढचा टप्पा : सोरोत्साउरे हा द्वीपकल्पासारखा औद्योगिक पट्टा झाहा हादिद यांच्या आराखड्यानुसार विकसित होत आहे. विसाव्या शतकाच्या मध्याला जहाजांसाठी खोदायला घेतलेला आणि अर्धवट सोडलेला देउस्तो कालवा २०१८ मध्ये पूर्ण उघडून या पट्ट्याचे बेट करण्यात आले. नदीला दुसरी वाट मिळाल्याने पुराची पातळी उतरते, हा त्यामागचा मुख्य हेतू होता. येथे सु. साडेपाच हजार घरांची योजना असून त्यांतील निम्मी शासकीय दराची आहेत. जुन्या कारखान्यांच्या काही इमारती पाडण्याऐवजी कार्यशाळा, शिक्षणसंस्था आणि कलावंतांच्या जागा म्हणून वापरात ठेवल्या आहेत. बांधकाम टप्प्याटप्प्याने चालू आहे.