वकिलांचे व्यावसायिक प्रशिक्षण

वकिली व्यवसायास लागणारी कौशल्ये अंगी बाणवण्यासाठी पदवीनंतर चालणारे शिक्षण. कायद्याच्या ज्ञानासोबत अशिलाचे म्हणणे ऐकून घेणे, मसुदालेखन, उलटतपासणी, युक्तिवाद, तडजोड आणि व्यावसायिक नीती यांचा त्यात समावेश होतो. ज्येष्ठ वकिलाकडे ज्युनिअर म्हणून उमेदवारी करणे ही त्याची जुनी व आजही सर्वांत प्रभावी पद्धत आहे.

अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार परिसंवाद व व्याख्याने आयोजित करणे हे राज्य वकील परिषदेचे एक कार्य आहे. महाराष्ट्र व गोव्यासाठी एकच परिषद आहे. भारतीय वकील परिषदेने १९९५ मध्ये सनदेपूर्वी एक वर्षाची उमेदवारी सक्तीची केली. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ही सक्ती करणारे नियम रद्द ठरवले. २०११ पासून अखिल भारतीय वकील परीक्षा घेतली जाते. २०२३ मध्ये घटनापीठाने ती वैध ठरवली. त्याच वर्षीच्या मध्यस्थी अधिनियमामुळे संवादकौशल्याचे मोल वाढले.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या यंत्रमागनगरीत या संवादकौशल्याची गरज विशेष जाणवते. निजामपुरा व आसपासच्या वस्त्यांत मराठी, उर्दू, हिंदी, तेलुगू बोलणारे कामगार व व्यापारी राहतात. कनिष्ठ न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. अशिलाची हकिकत त्याच्या बोलीत समजून घेऊन ती नेमक्या मराठीत मांडणे, हे येथील वकिलाचे खरे कसब होय. परीक्षेने सनद टिकते. विश्वास मात्र ऐकून घेण्याने मिळतो.