संत जोसेफ वाझ यांची स्मृतिस्थाने
बाणावलीत २१ एप्रिल १६५१ रोजी जन्मलेले जोसेफ वाझ हे गोव्याच्या भूमीतील पहिले संत. डचांनी कॅथलिक धर्माचरणावर बंदी घातलेल्या सिलोनमध्ये ते १६८७ साली मजुराच्या वेशात उतरले. कँडीच्या राजाने आधी त्यांना हेर समजून कैदेत टाकले. देवीच्या साथीत त्यांनी केलेल्या शुश्रूषेने मात्र त्याचा विश्वास संपादन केला. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या कबरीचा ठावठिकाणा आज लागत नाही. त्यामुळे संत फ्रान्सिस झेवियर यांच्याप्रमाणे पार्थिव अवशेषांभोवती नव्हे, तर नावाभोवतीच ही स्मृती टिकून आहे. सांकवाळ येथे, जिथे १६७७ साली त्यांनी मरियेच्या दास्यत्वाचे पत्र लिहून दिले, त्यांच्या नावाचे तीर्थस्थान आहे. मंगळुरूजवळील मुडिपूचे तीर्थस्थान त्यांच्या कानरा प्रांतातील सेवेचे स्मरण देते. २०१५ साली संतपदाची घोषणाही गोव्यात नव्हे, कोलंबोत झाली.