‘सयपाक शिकाले कॉलेज कायले?’ : गृहविज्ञानाच्या पदवीचा इतिहास आणि वाशीम

‘सयपाक शिकाले कॉलेज कायले पायजे वो बाई?’ आमच्या वाशीम भागात गृहअर्थशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीने हा प्रश्न एकदा तरी ऐकलेला असतो. विचारणारा दरवेळी पुरुषच असतो असे नाही. आजी, मावशी, शेजारीणही विचारते. प्रश्नाला हसून उत्तर देण्याची सवय मुलींना लागते आणि हळूहळू त्या स्वतःच म्हणू लागतात, ‘काही नाही, होम इको आहे.’ ‘काही नाही’ हे दोन शब्द मला या लेखापर्यंत घेऊन आले. ज्या विषयाची पदवी विद्यापीठ देते, ज्याच्या बळावर सरकारी नोकरीचा अर्ज भरता येतो, तो विषय शिकणारीलाच ‘काही नाही’ का वाटावा? उत्तर शोधताना वाशीमहून पुण्याला, पुण्याहून टोकियोला आणि पार अमेरिकेपर्यंत जावे लागते.

या विषयाची नावेच त्याचा अर्धा इतिहास सांगतात. गृहशास्त्र, गृहविज्ञान, गृहअर्थशास्त्र आणि अलीकडे सामुदायिक विज्ञान. नाव इतक्यांदा बदलले, याचा अर्थ आपण नेमके काय शिकवतो याबद्दल शिकवणाऱ्यांनाही स्वस्थता नव्हती.

आरंभ एका रसायनशास्त्रज्ञ बाईपासून करावा लागतो. एलन स्वॅलो रिचर्ड्स यांनी १८७३ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून पदवी घेतली. त्या संस्थेच्या त्या पहिल्या महिला पदवीधर. त्यांचे काम पाण्याच्या तपासणीचे, अन्नातील भेसळीचे, घरातील हवा आणि सांडपाण्याचे. घर ही प्रयोगशाळेइतकीच गंभीर जागा आहे, कारण माणसे आजारी पडतात ती तिथे आणि बरी होतात तीही तिथे, अशी त्यांची भूमिका होती. १८९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेक प्लॅसिड येथे त्यांच्या पुढाकाराने परिषद भरली. विषयाला नाव काय द्यावे यावर तिथे खल झाला आणि ‘होम इकॉनॉमिक्स’ हे नाव ठरले. आपल्याकडचे ‘गृहअर्थशास्त्र’ हे त्याचेच भाषांतर. १९०९ मध्ये या मंडळींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि रिचर्ड्स तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. म्हणजे या विषयाचे मूळ पाककृतींत नाही, पाण्याच्या रसायनशास्त्रात आहे. ही गोष्ट पुढे पार विसरली गेली.

आपल्याकडे हा विषय वेगळ्या वाटेने आला. १८८४ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर आदींच्या प्रयत्नांनी पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले, तीच आजची हुजूरपागा. मुलींना इंग्रजी, गणित, शास्त्र शिकवण्यावरून पुण्यात वादळ उठले. लोकमान्य टिळकांच्या वृत्तपत्रांनी १८८७ च्या सुमारास या अभ्यासक्रमावर टीका केली. मुलीला संसारात उपयोगी पडेल तेच शिकवा, असा त्या टीकेचा रोख होता. म्हणजे आपल्याकडे ‘घरचे शिक्षण’ हा शब्दप्रयोग आधी आला तो मुलीला दुसरे काही शिकू न देण्याच्या युक्तिवादात. तेव्हापासून या विषयाला जो डाग लागला, तो आजही पुसलेला नाही.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी हाच धागा उलटा धरला. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका त्यांच्या हाती आली होती. टोकियोचे ते विद्यापीठ १९०१ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्यात तीन विभाग होते : गृहअर्थशास्त्र, जपानी साहित्य आणि इंग्रजी साहित्य. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून कर्व्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ मध्ये ते सुरूही केले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा. आरोग्य आणि गृहव्यवस्था यांना अभ्यासक्रमात मानाचे स्थान. पदव्यांना नावेही खास : बी.ए.च्या तोडीची ‘गृहीतागमा’ आणि एम.ए.च्या तोडीची ‘प्रदेयागमा’. महाविद्यालय सुरू झाले तेव्हा विद्यार्थिनी होत्या पाच. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी देऊ केली आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. कायद्याने मान्यता मिळायला मात्र स्वातंत्र्य उजाडावे लागले.

कर्व्यांवर दोन्ही बाजूंनी टीका होणे स्वाभाविक होते. बाईला पुन्हा चुलीशीच बांधता, असे सुधारकाला वाटे. बाईला पदवी कशाला, असे सनातन्याला. माझ्या मते कर्व्यांनी ओळखले होते की, बापाच्या मनात उंबरठ्याची भीती आहे. ‘घराचेच शिकते आहे’ म्हटले की ती भीती कमी होते आणि मुलगी बाहेर पडते. घराचे नाव घेऊन घराबाहेर काढण्याची ही युक्ती होती. तिचा फायदा मोठा झाला आणि तिची किंमतही मोजावी लागली. फायदा म्हणजे हजारो मुली शिकल्या. किंमत म्हणजे विषय कायमचा ‘बायकांचा’ ठरला.

पुढची पायरीही पुण्यातूनच सुरू होते. जानेवारी १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन पुण्यात भरले, तेच मुळी स्त्रीशिक्षणाचा विचार करण्यासाठी. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई त्याच्या अध्यक्ष होत्या. या परिषदेच्या प्रयत्नांतून १९३२ मध्ये दिल्लीत लेडी आयर्विन कॉलेज निघाले आणि गृहविज्ञानाला स्वतंत्र संस्था लाभली. १९४९ मध्ये बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू म्हणून हंसा मेहता आल्या. त्यांच्या कारकिर्दीत तिथे गृहविज्ञानाची स्वतंत्र विद्याशाखा उभी राहिली. विज्ञान, वाणिज्य यांच्या बरोबरीने गृहविज्ञानाला विद्याशाखेचा दर्जा मिळणे ही लहान गोष्ट नव्हती.

इथे इतिहासातले एक वळण नीट पाहायला हवे. डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने १९४८-४९ मध्ये मुलींना गृहअर्थशास्त्र, शुश्रूषा, अध्यापन, ललित कला यांकडे वळवावे, असे सुचवले. पुढे साठच्या दशकाच्या आरंभी मुलामुलींच्या अभ्यासक्रमात फरक असावा का, हे पाहण्यासाठी समिती नेमली गेली. तिच्या अध्यक्ष त्याच हंसा मेहता. बडोद्यात गृहविज्ञानाला मानाचे पान देणाऱ्या या बाईंच्या समितीने काय म्हणावे? मुलामुलींच्या अभ्यासक्रमात असा फरक नको. माध्यमिकपूर्व टप्प्यावर गृहविज्ञान दोघांनाही शिकवा. कोठारी आयोगानेही (१९६४-६६) गृहविज्ञान मुलींवर सक्तीचे करू नये, असा निर्वाळा दिला. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच उपाय कागदावर होता. आपण त्यातला ‘सक्ती नको’ एवढाच भाग उचलला. ‘मुलांनाही शिकवा’ हा भाग तसाच राहिला.

आता विदर्भाकडे वळू. नागपूर विद्यापीठाची स्थापना १९२३ ची. नागपूरच्या लेडी अमृतबाई डागा महाविद्यालयाची परंपरा १९३२ पासूनची. मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या मुलींच्या उच्च शिक्षणाचे ते मोठे केंद्र. १९८३ मध्ये अमरावतीला वेगळे विद्यापीठ झाले आणि अकोल्यासह पश्चिम विदर्भ त्याच्याकडे आला. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातच होते. इंग्रजी अमदानीत ‘बासिम’ नावाचा स्वतंत्र जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडला. १ जुलै १९९८ ला वाशीम पुन्हा जिल्हा झाला.

आमच्याकडे गृहविज्ञान पोचले ते मुख्यतः कला शाखेतून. मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र यांच्याबरोबरचा एक ऐच्छिक विषय म्हणून ‘गृहअर्थशास्त्र’. बी.एस्सी. गृहविज्ञानाला प्रयोगशाळा लागतात, आधी विज्ञानाचे वर्ग लागतात. तालुक्याच्या गावी ते जमवणे कठीण. बी.ए.चा विषय त्या मानाने कमी खर्चात उभा राहतो. कारंजा, मंगरूळपीर, रिसोड, मालेगाव, मानोरा या गावांच्या आसपासची मुलगी सकाळच्या एस.टी.ने येते आणि दुपारी घरी परतते. तिच्यासाठी अनेकदा प्रश्न ‘कोणता विषय’ हा नसून ‘कॉलेज की नाही’ हा असतो. कर्व्यांची युक्ती इथे शंभर वर्षांनंतरही चालू आहे. पण रिचर्ड्सबाईंचे रसायनशास्त्र वाटेत गळून पडले, तेही इथेच.

विज्ञानाच्या अंगाने हा विषय शिकायचा तर आमच्याजवळचे ठिकाण परभणी. तेथील कृषी विद्यापीठ १९७२ चे आणि त्यातले गृहविज्ञान महाविद्यालय १९७६ चे. पूर्णा-अकोला रेल्वेमार्गाने हिंगोली, वसमत ओलांडून पूर्णेला जायचे आणि तिथून परभणी गाठायची. अंतर फार नाही. पण मुलीला वसतिगृहात ठेवायचे म्हणजे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही.

परभणीचा उल्लेख आणखी एका कारणाने करतो. गृहविज्ञानाच्या जुन्या पाठ्यपुस्तकातले घर पाहा : स्वतंत्र स्वयंपाकघर, ओटा, नळ, महिन्याला येणारा पगार आणि दिवसभर घरात असणारी गृहिणी. वाशीम जिल्ह्यातली बाई दिवसभर घरात नसते. ती निंदणाला जाते, सोयाबीन सोंगते, कापूस वेचते आणि मग येऊन चूल पेटवते. तिच्यासाठी घराचे अर्थशास्त्र धुऱ्यापासून सुरू होते. कृषी विद्यापीठांतल्या गृहविज्ञानाने हे ओळखले. शेतकरी बाईचे काबाडकष्ट मोजणे, कोणत्या कामात पाठ किती वाकते, हातांना काय इजा होते हे तपासणे आणि त्यावर साधी अवजारे, हातमोजे, वेचणीच्या पिशव्या सुचवणे हा तिथल्या संशोधनाचा भाग झाला. विषय घराबाहेर शेतात गेला, तेव्हा तो पुन्हा शास्त्र झाला. २०१७ च्या सुमारास कृषी विद्यापीठांत त्याचे नाव ‘सामुदायिक विज्ञान’ झाले, ते या दृष्टीने योग्यच म्हणावे लागेल.

आता मूळ प्रश्न. हे सारे आईकडून शिकता येत नाही का? बरेच काही येते. ज्वारीच्या भाकरीबरोबर वरण असावे, अंबाडीची भाजी करावी, हे आमच्या आयाबायांना कोणत्याही विद्यापीठाने शिकवलेले नाही. पण ते का, हे सांगायला शास्त्र लागते. दख्खनमध्ये केवळ ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा रोग दिसे. हैदराबादच्या पोषण संशोधकांनी, डॉ. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी, १९६० च्या सुमारास त्याचा संबंध ज्वारीतील ल्यूसिन या घटकाशी जोडला. त्या उपपत्तीवर पुढे मतभेद झाले, परंतु एकाच धान्यावर राहणारे शरीर झिजते आणि भाकरीला डाळ-दुधाची जोड हवी, हे निर्विवाद. त्याआधी १९३७ मध्ये कुन्नूरच्या संशोधन संस्थेतून आयक्रॉइड यांनी भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे कोष्टक प्रसिद्ध केले होते. आहारशास्त्राच्या वर्गात मुलगी वहीत जो तक्ता उतरवते, त्याचा पूर्वज तो.

दुसरे उदाहरण आमच्या शिवारातले. गेल्या तीन दशकांत सोयाबीनने आमची शेते व्यापली. सोयाबीनमध्ये प्रथिने सुमारे ४० टक्के. तुरीच्या डाळीत त्याच्या निम्म्याच्या आसपास. पण पोते भरून बाजार समितीत जाणारे हे धान्य घरच्या ताटात फारसे येत नाही. ते कच्चे पचत नाही, त्यातील पचनरोधक घटक उष्णतेने नष्ट करावे लागतात, गव्हात किती प्रमाणात मिसळावे याला हिशेब आहे. आजीच्या लहानपणी हे पीकच नव्हते. ती काय शिकवणार? जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातले लोह शरीराला कमी मिळते आणि लिंबू पिळले तर जास्त मिळते, हेही तसेच.

आता यातले गांभीर्य. २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या आल्या. अंगणवाड्यांवर देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षिकेच्या भरतीत समाजशास्त्र, शिक्षण, बालविकास, पोषण यांच्याबरोबर गृहविज्ञानाची पदवी ग्राह्य धरली जाते. दुसरीकडे २०१८ मध्ये केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांत महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद यांच्यासोबत वाशीमचे नाव आले. या जिल्ह्यांची प्रगती मोजताना शंभरपैकी तीस गुण आरोग्य आणि पोषणाला आहेत. ज्या जिल्ह्याला पोषणाच्या परीक्षेला बसवले आहे, त्याच जिल्ह्यात पोषण शिकणारी मुलगी ‘काही नाही, होम इको’ म्हणते. ही केवळ तिच्या मानाची गोष्ट नाही. तिने वर्गात शिकलेला तक्ता तिच्याच गावातल्या गरोदर बाईपर्यंत पोचतो की नाही, ही गोष्ट आहे.

म्हणून दोष विषयाचा नाही. तो अर्ध्याच समाजाला शिकवण्याचा आहे. घरात काय शिजावे, पैसा कशावर खर्च व्हावा, सोयाबीनचे पोते विकावे की त्यातले दोन पायली घरी ठेवावे, हे आमच्याकडे बहुधा पुरुष ठरवतो. ज्याच्या हाती निर्णय त्याला ज्ञान नाही आणि जिला ज्ञान तिच्या हाती निर्णय नाही, अशा स्थितीत पदवी भिंतीवर टांगली जाते. हंसा मेहता समितीची शिफारस पुन्हा वाचण्याची गरज आहे ती यासाठी.

‘सयपाक शिकाले कॉलेज कायले?’ हा प्रश्न आजवर फक्त मुलीला विचारला गेला. तो एखाद्या दिवशी रिसोड-मंगरूळच्या मुलालाही विचारला गेला आणि त्याने ‘काही नाही’ न म्हणता नीट उत्तर दिले, तर या विषयाला लागलेला १८८७ सालचा डाग पुसला जाईल.