दिवाळे आणि अपस्मार : एक टिपण

बेलापूरच्या किल्ल्याखालीं, पनवेलच्या खाडीलगत, दिवाळे हें कोळ्यांचें जुनें गांव आहे. किल्ल्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. खालच्या वस्तीच्या आजारांविषयीं लिहावें असें क्वचितच कोणास वाटलें. प्रस्तुत टिपणाचा विषय अपस्मार, म्हणजे लोक ज्यास फेफरें किंवा मिरगी म्हणतात तो रोग. जाळें टाकतांना होडींत झटका आला तर रोगाआधीं पाणीच जीव घेतें. म्हणून अशा गांवीं औषध वेळेवर मिळणें ही पोटापाण्याचीच बाब होय.

चरकसंहितेंत निदानस्थान व चिकित्सास्थान ह्या दोन्हींत उन्माद व अपस्मार यांस वेगवेगळे अध्याय दिले आहेत. हा भेद ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. कारण पुढें राज्यकारभारानें तो पुसून टाकिला. मुंबईंत कुलाब्यास १८२६ सालीं वेड्यांचें इस्पितळ निघालें, ठाण्याचें १९०१ सालीं. अशा इस्पितळांच्या वार्षिक अहवालांतील वेडाच्या कारणांच्या कोष्टकांत अपस्मार हें एक कारण म्हणून येतें. म्हणजे गरीब अपस्मारी दप्तरांत आला तो बहुधा वेडा म्हणून. घरीं राहिला तो दप्तराबाहेरच राहिला. श्रीमंताच्या घरीं डॉक्टर येत असे, हें निराळें सांगावयास नको.

औषध नव्हतें असें नाहीं. ब्रोमाइडचा गुण १८५७ पासून व फिनोबार्बिटलचा १९१२ पासून माहीत होता, आणि दुसरें तर आजहि अत्यंत स्वस्त आहे. उणीव होती ती रोग ओळखणाऱ्याची. मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं निघालें; मज्जाविकारांचे विख्यात तज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया विलायतेहून परतून तेथें व जे. जे. रुग्णालयांत रुजू झाले ते १९५७ सालीं. त्या वेळीं दिवाळ्याहून मुंबईस जावयाचें तर जलमार्गानें, नाहीं तर ठाण्यास वळसा घालून. ठाण्याच्या खाडीवर वाशीचा पूल १९७३ मध्यें झाला, रेल्वे वाशीस १९९२ मध्यें आली. वाट जवळ झाली खरी. परंतु रुग्णासह एक माणूस दिवसभर अडकतो, त्या दिवशीं होडी बंद, आणि गोळी वर्षानुवर्षें चालवावी लागते. हा हिशेब पुलानें सुटत नाहीं.

कायद्यानेंहि जुनाच घोळ पुढें चालविला. हिंदु विवाह कायद्यांत १९७६ च्या दुरुस्तीनें वेडाच्या वारंवार येणाऱ्या झटक्यांच्या जोडीस अपस्मार बसविला गेला. तो शब्द १९९९ मध्यें काढला. चरकानें वेगळें केलेलें असें एकत्र बांधण्यांत आधुनिकता कोणती, हें आम्हांस उमगत नाहीं.

ही विषमता एकट्या कोंकणची नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या पाहणीप्रमाणें धनिक देशांत लाख वस्तीमागें मज्जाविकारांचे तज्ज्ञ सुमारें ७.१, तर अतिगरीब देशांत ०.१. जगांत अपस्माराचे रोगी सुमारें ५ कोटि. योग्य उपचारानें त्यांपैकीं शेंकडा ७० पर्यंत झटक्यांवांचून राहूं शकतात, तरी गरीब देशांत चारांतील तिघांस उपचार मिळत नाहीं.

ह्या इतिहासाचीं साधनें राजकीय दप्तरांत थोडींच सांपडतील. तीं वैद्यांच्या बाडांत, दवाखान्यांच्या नोंदवह्यांत व घरोघरच्या जुन्या चिठ्ठ्यांत आहेत, आणि रद्दी म्हणून विकलीं जात आहेत. बेलापूर, पनवेल किंवा उरण भागांतील वैद्यकीचें बाड कोणा संग्राहकाजवळ असल्यास त्यांतील अपस्मार, फेफरें, मिरगी ह्या शब्दांखालील पानें, रोग्याचें नांव झांकून, आम्हांस उतरून घेऊं द्यावीं.