महागाईविरोधी महिला आंदोलन (महाराष्ट्र, १९७२–७५)

महागाईविरोधी महिला आंदोलन : अन्नधान्य, साखर, खाद्यतेल व रॉकेल यांची टंचाई आणि भाववाढ यांविरुद्ध १९७२ ते १९७५ या काळात मुख्यतः मुंबईत आणि पुढे राज्यातील इतर शहरांत स्त्रियांनी चालविलेले संघटित आंदोलन. महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती या आघाडीने त्याचे नेतृत्व केले. स्त्रियांनी हाती घेतलेल्या लाटण्यांमुळे ‘लाटणे मोर्चा’ हेच त्याचे नाव लोकांच्या तोंडी राहिले. महागाईविरुद्ध मोर्चे त्यापूर्वीही निघत असत. परंतु स्वस्त धान्य पुरविण्याची जी हमी शासनाने स्वतः लेखी दिली होती तिचाच हिशेब मागणे, आणि तो पुढाऱ्यांच्या भाषणांत न शोधता संबंधित अधिकाऱ्याच्या मेजापुढे उभे राहून मागणे, ही या आंदोलनाची खरी कार्यपद्धती होती.

आंदोलनाची पार्श्वभूमी दुष्काळाची होती. १९७०-७१ पासून महाराष्ट्राच्या मोठ्या भागात पाऊस अपुरा पडत गेला व १९७२ चा पावसाळा अनेक जिल्ह्यांत जवळजवळ कोरडा गेला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडण्याचे व माती उपसण्याचे काम करीत होती आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. त्याआधी, १९७१ मध्ये, बांगलादेशातून आलेल्या सुमारे एक कोटी निर्वासितांचा व त्यामागोमाग झालेल्या युद्धाचा ताण देशाच्या तिजोरीवर पडलेला होता; त्यातच ऑक्टोबर १९७३ मधील अरब–इस्राएल युद्धानंतर खनिज तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. देशातील घाऊक किमती १९७३-७४ मध्ये सुमारे २० टक्क्यांनी व त्यापुढील वर्षी सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. गव्हाचा घाऊक व्यापार केंद्र सरकारने एप्रिल १९७३ मध्ये आपल्याकडे घेतला खरा, पण सरकारी खरेदी अपेक्षेइतकी झाली नाही, बाजारातला गहू दडवला गेला आणि पुढच्याच वर्षी हा निर्णय मागे घ्यावा लागला. शहरातील गृहिणीला या साऱ्याची ओळख झाली ती दुकानातील रिकाम्या पिंपांमधून, रॉकेलच्या रांगांमधून आणि अमेरिकेहून आयात केलेल्या मायलो या तांबूस ज्वारीमधून. ही ज्वारी लोकांना रुचली नाही, आणि त्या पिढीच्या बोलण्यात दुष्काळाचा विषय निघाला की मायलोचे नाव आजही येते.

आंदोलनाला धार आली ती शिधावाटपाच्या व्यवस्थेमुळे, म्हणून ती व्यवस्था थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. मुंबईत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, शिधावाटप सुरू झाले. स्वातंत्र्यानंतर नियंत्रणे उठली आणि १९६० नंतरच्या दशकातील अन्नटंचाईत ती पुन्हा आली. प्रत्येक कुटुंबाला शिधापत्रिका, म्हणजे बोलण्यातले रेशन कार्ड, मिळे. तिच्यावर कुटुंबातील माणसांची नोंद असे, दर माणशी धान्याचे व साखरेचे प्रमाण शासन ठरवून जाहीर करी आणि ते नियंत्रित भावाने ठरलेल्या दुकानातूनच घ्यावे लागे. दुकानदाराने शिल्लक माल व भाव दर्शविणारा फलक लावावा आणि दिलेल्या मालाची नोंद कार्डावर करावी, असा नियम होता. गैरव्यवहाराच्या जागाही येथेच होत्या : माल मुदत संपता संपता आणायचा, म्हणजे गरिबाच्या हाती पैसे नसताना त्याचा शिधा बुडीत जाई व तोच पुढे काळ्या बाजारात निघे; फलक कोराच ठेवायचा; वजनात मारायचे; धान्यात खडे व माती सोडायची. या प्रकारांची सर्वांत बारीक माहिती शासनाच्या निरीक्षकापेक्षा रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला होती, कारण तिला आपला वाटा किती, भाव काय आणि प्रत्यक्षात पिशवीत काय पडले हे तिन्ही आकडे पाठ असत. सर्वसाधारण भाववाढीची जबाबदारी सरकारला युद्धावर, पावसावर किंवा परदेशी तेलावर ढकलता येते. अमुक दुकानात अमुक पंधरवड्याची साखर का आली नाही, या प्रश्नाला मात्र तसे उत्तर देता येत नाही. समितीने हा दुसरा प्रश्न हाती धरला, यात तिच्या नेत्यांचे राजकीय शहाणपण दिसते.

समितीची स्थापना १९७२ मध्ये मुंबईत झाली. समाजवादी, मार्क्सवादी कम्युनिस्ट व कम्युनिस्ट या पक्षांतील कार्यकर्त्या आणि कोणत्याही पक्षात नसलेल्या स्त्रिया तीत एकत्र आल्या. मृणाल गोरे (१९२८–२०१२), अहिल्या रांगणेकर (१९२२–२००९), प्रमिला दंडवते (१९२८–२००१) आणि तारा रेड्डी ही त्यांतील ठळक नावे होत. या पक्षांचे एरवी एकमेकांशी फारसे पटत नसे. रेशनच्या प्रश्नावर मात्र मतभेदाला जागा थोडी होती. या स्त्रिया रस्त्यावरच्या राजकारणात नवख्या नव्हत्या. रांगणेकर यांनी १९४० नंतरच्या दशकात परळच्या गिरणी कामगार वस्तीत महिला संघ उभा केला होता आणि १९६१ पासून त्या मुंबई महानगरपालिकेच्या सदस्य होत्या. गोरे याही त्याच वर्षी महापालिकेवर निवडून आल्या. गोरेगावच्या पाण्यासाठी रिकामे हंडे घेऊन त्यांनी काढलेल्या मोर्चांमुळे त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले जाई, आणि १९७२ च्या निवडणुकीत काँग्रेसची लाट असतानाही त्या विधानसभेत पोहोचल्या. कोणत्या कागदावर कोणाची सही लागते आणि कोणता अधिकारी कोणाकडे बोट दाखवतो, याची जाण या दोघींना महापालिकेच्या कामातून आलेली होती व आंदोलनाला तिचा मोठा उपयोग झाला.

मोर्चांची रीत साधी होती. आधी वस्तीत, चाळीच्या गॅलरीत किंवा मैदानात बैठक होई. दुकानांची पाहणी करून तक्रारी गोळा केल्या जात. नंतर शिधावाटप कचेरी, मंत्र्यांची निवासस्थाने, सचिवालय (आजचे मंत्रालय) किंवा साठेबाजीचा संशय असलेल्या व्यापाऱ्याची वखार यांवर मोर्चा नेला जाई. अधिकाऱ्याला घेराव घालून, म्हणजे त्याला चहूकडून वेढून व जागचे हलू न देता, साठा किती आला व कोठे गेला याची उत्तरे मागितली जात. अभ्यासकांच्या नोंदींनुसार अशा निदर्शनांत दहा ते वीस हजार स्त्रिया उतरत. लाटण्याने थाळी बडवीत चालणे ही मोर्चाची खूण ठरली, आणि ज्यांना घर सोडता येत नसे त्या ठरलेल्या वेळी घरातूनच थाळीनाद करीत. घरकामाचे हे साधन निवडण्यात एक हिशेबही होता : लाठीचा मार झेलण्याची सवय नसलेल्या मध्यमवर्गीय स्त्रीला लाटणे हातात घेणे अवघड वाटत नसे, आणि लाटणे घेतलेल्या बायकांवर लाठी चालवणे पोलिसांनाही सोयीचे नव्हते. येथे हेही नोंदवले पाहिजे, की डिसेंबर १९७१ मध्ये चिली देशात सांतियागो येथे स्त्रियांनी रिकामी भांडी बडवीत काढलेला मोर्चा समाजवादी अध्यक्ष सॅल्व्हादोर आयेंदे यांच्या विरोधात होता व त्यात सुखवस्तू वर्गाचा भरणा मोठा होता. मुंबईत भांडी बडवणाऱ्यांचे नेतृत्व डाव्यांकडे होते. देशातील अधिक जवळचा पूर्वदाखला बंगालचा आहे. १९४३ च्या दुष्काळात महिला आत्मरक्षा समितीने कलकत्त्यात विधिमंडळावर भुकेल्या स्त्रियांचा मोर्चा नेला होता.

आंदोलनात कामगार आणि मध्यमवर्गीय अशा दोन्ही घरांतील स्त्रिया होत्या, पण महागाईची झळ त्यांना सारखी लागत नव्हती. मध्यमवर्गीय घरात साखर व तेल कमी झाले, सण आखडता झाला. गिरणगावात एका वेळच्या जेवणाचाच प्रश्न होता. गिरणगावातील खानावळवाल्या बायकांची स्थिती तर त्याहून बिकट होती. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीने दोन वेळचे जेवण घालणाऱ्या या स्त्रियांना धान्य उधारीवर आणावे लागे, कामगाराचा पगार झाल्यावरच पैसे मिळत आणि मधल्या काळात वाढलेला भाव त्यांच्याच अंगावर पडे. गिरण्यांतील स्त्रियांच्या नोकऱ्या कमी होत गेल्यामुळे या धंद्यात अनेकींना यावे लागले होते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून राष्ट्रीयीकृत बँकांकडून त्यांना कर्ज मिळवून देण्याचे काम सुरू केले, ते याच परिस्थितीतून.

आंदोलनाचे लोण गुजरातपर्यंत पोहोचले. अहमदाबादमध्ये डिसेंबर १९७३ मध्ये वसतिगृहाच्या खाणावळीचे दर वाढल्यामुळे अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेल्या नवनिर्माण आंदोलनात महागाईने त्रासलेल्या मध्यमवर्गीय स्त्रिया मोठ्या संख्येने सामील झाल्या, आणि फेब्रुवारी १९७४ मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. मुंबईतील समितीने सरकार पाडण्याचे उद्दिष्ट कधी ठेवले नव्हते. पुरवठा वेळेवर करणे, प्रमाण वाढवणे, सणासुदीला जादा साखर व तेल देणे, दडवलेला माल बाहेर काढणे अशा तिच्या मागण्या होत्या आणि त्यांतील काही त्या त्या वेळी पदरातही पडत. मात्र भाववाढीच्या मुळाशी असलेली धोरणे त्यामुळे बदलली असे म्हणता येत नाही.

आंदोलनाच्या मर्यादांची चर्चा दोन अंगांनी झाली आहे. स्त्रीवादी अभ्यासकांनी, विशेषतः या विषयावर १९९६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या नंदिता गांधी यांनी, स्त्रियांनी गृहिणी म्हणून रस्त्यावर येणे व त्यातून राजकीय कर्त्या होणे यांतील गुंतागुंत तपासली आहे. स्वयंपाकघर ही स्त्रीचीच जबाबदारी, हे गृहीत आंदोलनाने मोडले नाही. उलट त्याच जबाबदारीच्या बळावर शासनापुढे बोलण्याचा अधिकार मिळवला. हा आक्षेप खरा असला तरी तेवढ्यावर थांबणे अन्यायाचे होईल, कारण घरातून परवानगी काढून एका मोर्चाला आलेल्या स्त्रीने अधिकाऱ्याला उलट प्रश्न विचारणे, ही तिच्या आयुष्यात लहान गोष्ट नव्हती. १९७५ च्या आसपास महाराष्ट्रात स्त्रीमुक्तीचा स्वतंत्र विचार करणारे गट उभे राहिले, त्यांना या घुसळणीचा आधार मिळाला.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि आंदोलनाच्या समर्थकांनी त्याला पुरेसे उत्तर दिलेले नाही. शहराला मिळणारे स्वस्त धान्य शेतकऱ्याकडून सक्तीच्या वसुलीने, म्हणजे लेव्हीने, बाजारभावापेक्षा कमी दराने घेतले जाई. ग्राहक स्त्रीने मागितलेला रास्त भाव शेतात राबणाऱ्या स्त्रीच्या पदरी तोटा घालू शकतो, हा पेच १९७३ च्या घोषणांमध्ये फारसा आढळत नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९८० मध्ये चाकण परिसरात कांद्याच्या भावासाठी आंदोलन केले तेव्हा शेतमालाच्या भावाची दुसरी बाजू चव्हाट्यावर आली, आणि १९८६ मध्ये चांदवडला भरलेल्या शेतकरी महिला अधिवेशनात ती ग्रामीण स्त्रियांच्या बाजूने मांडली गेली.

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी घोषित झाली आणि आंदोलन थांबले. मोर्चे व सभा यांवर बंदी आली. अहिल्या रांगणेकर व प्रमिला दंडवते यांना तुरुंगात टाकण्यात आले, तर मृणाल गोरे काही महिने भूमिगत राहून काम केल्यानंतर पकडल्या गेल्या. १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत गोरे उत्तर मुंबईतून व रांगणेकर उत्तर-मध्य मुंबईतून विजयी झाल्या. रायबरेलीत इंदिरा गांधी पराभूत झाल्यामुळे ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में’ ही घोषणा तेव्हा गाजली. दंडवते १९८० मध्ये लोकसभेवर गेल्या. त्यांनी पुढाकार घेतलेल्या महिला दक्षता समितीने महागाईबरोबर हुंड्याचा प्रश्नही हाती घेतला.

शिधावाटपावर स्त्रियांनी देखरेख ठेवावी ही कल्पना पुढे इतर संघटनांच्या कामात टिकून राहिली. केंद्र सरकारने १९९७ मध्ये सार्वजनिक वितरण व्यवस्था लक्ष्याधारित केली, म्हणजे दारिद्र्यरेषेखालील व वरील कुटुंबांना वेगळे दर लावले, आणि महाराष्ट्रात १९९९ पासून पिवळ्या, केशरी व पांढऱ्या अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका आल्या. तेव्हापासून मालाबरोबरच कार्डाच्या रंगावरूनही वाद होऊ लागले. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातील १८ वर्षांवरील सर्वांत मोठ्या स्त्रीला कुटुंबप्रमुख ठरवले असून सामाजिक लेखापरीक्षणाची, म्हणजे लाभधारकांसमक्ष वितरणाची तपासणी करण्याची, तसेच दुकानापासून राज्यस्तरापर्यंत दक्षता समित्या नेमण्याची व त्यांत स्त्रियांना प्रतिनिधित्व देण्याची तरतूद केली आहे.